वाचवलेले पाखरू कोणाचे?

वाराणसीपासून सुमारे दहा किलोमीटरवर सारनाथ आहे, आणि सारनाथचे नाव निघाले की आपल्यापैकी अनेकांना शाळेच्या पुस्तकातली एक गोष्ट आठवते. देवदत्ताच्या बाणाने घायाळ झालेला हंस सिद्धार्थापाशी कोसळतो. सिद्धार्थ बाण उपसतो, जखम धुतो. देवदत्त आपला हक्क सांगू लागतो, प्रकरण दरबारात जाते आणि निवाडा होतो की मारणाऱ्यापेक्षा तारणाऱ्याचा हक्क मोठा, म्हणून हंस सिद्धार्थाचा. गोष्ट कपिलवस्तूची, सारनाथशी तिचा संबंध नायकापुरता. पण तिने आपल्या कितीतरी पिढ्यांना दया शिकवली, याबद्दल वाद नाही.

माझी हरकत त्या निवाड्याला आहे. हंस मारणाऱ्याचा नाही हे ठीक. पण तो तारणाऱ्याचा तरी का? तो त्याच्या थव्याचा, त्याच्या पाणथळीचा का नव्हे? हा प्रश्न दरबारात कोणी विचारला नाही आणि वर्गातही सहसा कोणी विचारत नाही. दुसरी गोष्ट अशी की, त्या हंसाच्या अंगात बाण रुतलेला होता. त्याला मदतीची गरज आहे हे ठरवायला पक्षिशास्त्र लागत नव्हते. उन्हाळ्यात आपल्या अंगणात, गच्चीवर किंवा घाटाच्या पायरीवर सापडणाऱ्या पिल्लाच्या अंगात बाण नसतो. ते नुसते बसलेले असते. आणि नुसत्या बसलेल्या पिल्लाकडे पाहून आपण पाच मिनिटांत ते ‘अनाथ’ असल्याचा निकाल देतो.

हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. म्हणूनच, सापडलेल्या पिल्लाविषयी पहिला प्रश्न ‘याला काय खाऊ घालू?’ असा नसून ‘हे कोणाचे आणि किती वयाचे आहे?’ असा असला पाहिजे, असे मला आग्रहाने वाटते.

वयापासून सुरुवात करू. चिमणी, मैना, बुलबुल, कावळा यांची पिल्ले अंड्यातून बाहेर येतात तेव्हा आंधळी, उघडी आणि पूर्णतः परावलंबी असतात. इंग्रजीत या अवस्थेतल्या पिल्लाला ‘नेस्टलिंग’ म्हणतात. अंगावर पिसे नाहीत किंवा नुसती कोंबासारखी खुंटे आहेत, डोळे मिटलेले आहेत, पायावर उभे राहता येत नाही, असे पिल्लू जमिनीवर दिसले तर ते खरोखर संकटात आहे. त्याची जागा घरट्यात आहे आणि शक्य असेल तर त्याला तिथेच परत ठेवले पाहिजे. घरटे मोडले असेल, तर एखादी लहान परडी किंवा बुडाला भोके पाडलेला डबा, आत वाळके गवत घालून, जुन्या घरट्याच्या शक्य तितक्या जवळ बांधावा. आईबाप पिल्लांच्या हाकेकडे येतात आणि अशा बदली घरट्यातही घास भरवताना अनेकदा दिसतात.

याच्या पुढची अवस्था निराळी. चिमणीचे पिल्लू साधारण दोन आठवड्यांत घरटे सोडते, मैनेचे तीन आठवड्यांच्या पुढे. बुलबुल तर नीट उडता येण्याआधीच बाहेर पडतो. अशा पिल्लाला ‘फ्लेजलिंग’ म्हणतात. त्याच्या अंगावर पिसे असतात, पण शेपूट आखूड असते. चोचीच्या कडेला पिवळसर गुबगुबीत पट्टी असते, डोक्यावर लव राहिलेली असते. ते उड्या मारते, झुडपात शिरते, अर्ध्या हातावर फडफडून पुन्हा खाली येते. ते पडलेले नसते. ते शिकायला निघालेले असते. पुढचे काही दिवस, कधी दोन आठवडेदेखील, आईबाप त्याला जमिनीवर किंवा फांदीवर येऊन भरवतात. ते दिसत नाहीत याचे कारण बहुधा आपणच असतो. आपण पिल्लापाशी उभे आहोत म्हणून ते समोरच्या तारेवर चोचीत किडा धरून खोळंबलेले असतात. मागे सरावे, आडोशाला बसावे आणि निदान तासभर पाहावे. तासभर वाट पाहणे ही क्षुल्लक गोष्ट वाटते खरी, पण मोबाइल हातात असलेल्या माणसाला ती किती अवघड जाते हे पाहण्यासारखे आहे.

‘आणि तेवढ्यात कुत्र्याने उचलले तर?’ हा आक्षेप रास्त आहे. त्यावरचे उत्तर घरी नेणे हे नव्हे. पिल्लू उचलून जवळच्या झुडपात, सावलीतल्या फांदीवर, आईबापांना त्याची हाक ऐकू येईल अशा जागी ठेवणे हे आहे. इथे आपल्याकडची एक जुनी समजूत आड येते. माणसाचा हात लागलेल्या चिमणीला बाकीच्या चिमण्या टोचून मारतात, असे महाराष्ट्रातल्या घराघरांत सांगितले जाते. यात तथ्य नाही. माणसाचा वास लागला म्हणून पक्षी आपले पिल्लू टाकत नाहीत. त्यांनी त्यात घातलेली मेहनत इतकी मोठी असते की ते सहजासहजी माघार घेत नाहीत. ही समजूत मुलांना घरट्यांपासून लांब ठेवण्यासाठी कुणा शहाण्या आजीने रचली असेल, तर तिचा हेतू उत्तम होता. पण तिचा परिणाम उलटा होतो. एकदा हात लागला, आता हे आईला चालणार नाही, असे म्हणून पिल्लू खोक्यात घालून घरी नेले जाते.

हे झाले झाडावर किंवा भिंतीत घरटे करणाऱ्यांचे. वाराणसीत घाटांच्या समोरच्या तीरावर जे विस्तीर्ण वाळवंट आहे (चंद्रभागेच्या वाळवंटाला आपण जो शब्द वापरतो त्याच अर्थाने), तिथे हिशेब वेगळा. गंगेच्या वाळूवर नदी टिटवी, सुरय यांसारखे पक्षी उघड्यावर, उथळ खळग्यात अंडी घालतात. टिटवीची पिल्ले अंड्यातून बाहेर येतानाच उघड्या डोळ्यांची आणि अंगभर लव असलेली असतात, आणि काही तासांत पळू लागतात. धोका दिसला की ती वाळूला चिकटून निपचित पडतात, इतकी की पाऊल पडेपर्यंत दिसत नाहीत. असे पिल्लू एकटे, हालचाल न करता पडलेले सापडले, तर ते आजारी नाही; ते आपल्याला घाबरून दगडाचे सोंग करते आहे. त्याला उचलणे म्हणजे वाचवणे नव्हे, पळवणे होय. इथली मदत म्हणजे आल्या पावली परत फिरणे आणि सोबतच्या कुत्र्याला आवरणे. याच पट्ट्यात १९८९ मध्ये कासवांसाठी सात किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले होते. २०२० मध्ये ते रद्द करण्यात आले. २०२३ च्या आरंभी या वाळूवर पर्यटकांसाठी तंबूंचे नगर उभे राहिले. एका पिल्लाभोवती जमणारी आपली करुणा सबंध वाळवंटाच्या प्रश्नावर कुठे जाते, हा या लेखाच्या कक्षेबाहेरचा, पण विसरू नये असा मुद्दा.

आता जातीकडे. पक्ष्याची जात ओळखायला पिल्लाच्या पिसांचा रंग फारसा कामाचा नाही. तो बदलत असतो. विद्यार्थ्यांना मी पाय पाहायला सांगेन. चिमणी, मैना, कावळा यांची तीन बोटे पुढे आणि एक मागे असते. दोन बोटे पुढे आणि दोन मागे दिसली, तर ते पोपटाचे किंवा कोकिळेच्या कुळातले पिल्लू असू शकते. पोपटाची बाकदार चोच लहानपणीच कळते. मग राहते ती कोकिळा. कावळ्याच्या घरट्याखाली सापडलेले, कावळेच भरवत असलेले काळे पिल्लू कावळ्याचेच असेल असे नाही. त्याला ‘चुकीच्या’ आईबापांपासून सोडवण्याची इच्छा झाली, तर ती तत्काळ आवरावी. त्याच्यासाठी तेच आईबाप बरोबर आहेत.

चारही बोटे पुढे वळलेली, पाय अगदी आखूड आणि पंख विळ्यासारखे लांब असतील, तर ती पाकोळी. पेशवाईपासून मराठी कुटुंबे राहत आलेल्या ब्रह्माघाट-दुर्गाघाटासारख्या भागांत जुने वाडे आहेत. अशा जुन्या इमारतींच्या छतांखाली आणि कमानींत पाकोळ्या पिसे व काड्या लाळेने चिकटवून घरटी करतात. वर सांगितलेले ‘दूर राहा आणि पाहा’ हे सूत्र इथे लागू होत नाही. पाकोळीचे आईबाप जमिनीवर उतरून पिल्लाला भरवत नाहीत आणि सपाट जमिनीवरून झेप घेणे पाकोळीला फार कठीण असते. म्हणून जमिनीवर पडलेल्या पाकोळीला मदत हवीच. पूर्ण वाढलेली, धडधाकट पाकोळी असेल तर तिला उंच, मोकळ्या जागी तळहातावर धरावे आणि तिची ती उडेल याची वाट पाहावी. हवेत भिरकावू नये. पंख अपुरे असतील तर तिला जाणकाराकडे पोहोचवावे. जून २०२२ मध्ये स्पेनमधील सेव्हिल आणि कोर्दोबा या शहरांत उष्णतेच्या लाटेत पाकोळ्यांची शेकडो पिल्ले तापलेल्या छपरांखालच्या घरट्यांतून उड्या टाकून रस्त्यावर पडली होती. वाराणसीचा पारा मे-जूनमध्ये ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या छपराखाली काय तापमान असेल, याचा अंदाज भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने स्वतः करावा.

घुबडाची गोष्ट आणखी वेगळी. गव्हाणी घुबडाची पिल्ले पांढऱ्या लवेने झाकलेली, हृदयाकृती चेहऱ्याची असतात आणि फुत्कारतात. २०१७ मध्ये विशाखापट्टणममधल्या अशा पिल्लांची चित्रफीत ‘परग्रहवासी’ म्हणून देशभर फिरली होती. हसून सोडून देण्यासारखी ही बाब नाही, कारण उत्तर भारतात दिवाळीच्या सुमारास अघोरी विधींसाठी घुबडांची चोरटी विक्री होते, आणि ‘आमच्या गच्चीवर विचित्र पिल्ले आहेत’ ही समाजमाध्यमावरची नोंद पत्त्यासह वाचणारे सगळेच पक्षिमित्र नसतात.

खाऊ घालण्याविषयी थोडक्यात. काऊ-चिऊच्या नावाने घास खाऊन वाढलेल्या आपल्याला त्यांना घास देण्याची ओढ असणे स्वाभाविक आहे. पण दुधात भिजवलेला पाव हे पक्ष्याचे अन्न नाही; दुधातली साखर पचवण्याची सोय त्यांच्या शरीरात नाही. धान्य खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना प्रामुख्याने किडे-अळ्या भरवते. कबुतराचे पिल्लू तर चोच उघडून घास मागतच नाही; ते आपली चोच आईबापांच्या तोंडात खुपसून त्यांच्या अन्नपिशवीत तयार होणारे दुधासारखे द्रव्य घेते. आणि ड्रॉपरने पाणी? पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुडाशीच असते. प्रेमाने पाजलेले चार थेंब थेट फुप्फुसांकडे जाऊ शकतात. तहानेने मेले असे आपण म्हणतो, तेव्हा ते कधी कधी बुडून मेलेले असते.

मग हस्तक्षेप करूच नये का? ‘निसर्गाचा नियम आहे, मरू द्या’ असे म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. लहान पक्ष्यांची निम्म्याहून अधिक पिल्ले पहिले वर्ष पुरे करत नाहीत, हे खरे. चिमणीची एक जोडी एका हंगामात दोन-तीन वेळा प्रत्येकी चार-पाच अंडी घालते. ती सगळी जगली तर काय होईल, याचे गणित सोपे आहे. पण आपल्यासमोरचे पिल्लू निसर्गनियमानेच खाली आले आहे की आपल्या करणीने, हे आधी पाहावे लागते. मांजरीने तोंडात धरलेले पिल्लू वरवर धड दिसले तरी तिच्या दातांवरील जिवाणूंमुळे दोन दिवसांत दगावू शकते. त्याला वैद्यकीय उपचारच हवेत, आणि ती मांजर आपली असते. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो झाडांत लटकत राहतो. सप्टेंबर २०२२ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात महामार्गाच्या कामासाठी घरट्यांनी भरलेले झाड पाडले गेले आणि अनेक पिल्ले रस्त्यावर मरून पडली. तिथे ‘निसर्गाचा नियम’ कोठे होता? तुटलेला पंख, रक्त, मांजरीचा चावा, आईबाप मेलेले प्रत्यक्ष पाहणे, पिसे नसलेले आणि गार पडलेले अंग, या ठिकाणी थांबून पाहणे हा निष्काळजीपणा ठरेल. तेव्हा पिल्लाला हवा जाईल अशा खोक्यात, काळोखात, शांत आणि उबदार ठेवून, अन्नपाणी न देता, वनविभागाकडे किंवा वन्यजीव उपचार केंद्राकडे न्यावे. हाताळताना हातमोजे किंवा फडके वापरावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले, आणि पुढच्याच महिन्यात उदगीरमध्ये मेलेल्या कावळ्यांत हाच विषाणू आढळला. एका जागी अनेक पक्षी आजारी किंवा मेलेले दिसले तर हात लावू नये, कळवावे.

आता पुन्हा त्या निवाड्याकडे. उत्तर प्रदेशातच या निवाड्याची आधुनिक आवृत्ती घडली. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेठी जिल्ह्यातील एका तरुणाला शेतात पाय मोडलेला सारस क्रौंच सापडला. त्याने मलमपट्टी केली, पक्षी बरा झाला, पण गेला नाही; मोटारसायकलमागे उडणाऱ्या सारसाची चित्रफीत देशाने पाहिली. मार्च २०२३ मध्ये वनविभागाने तो आधी रायबरेलीच्या समसपूर पक्षी अभयारण्यात आणि नंतर कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात नेला, आणि त्या तरुणावर वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा नोंदवला. समाजमाध्यमांवर हा खटला पुन्हा सिद्धार्थ विरुद्ध देवदत्त असाच मांडला गेला, त्यात सरकार देवदत्त. मला तो तरुण दयाळू वाटतो आणि गुन्हा नोंदवणे कठोर वाटते. पण अंती तो सारस कोणाला मिळाला, या वादात कोणीच सारसाच्या बाजूने बोलत नव्हते. माणसाला सरावलेला, जोडीदाराऐवजी मोटारसायकल शोधणारा सारस रानात सारस म्हणून उरत नाही, आणि मग त्याच्यासाठी पिंजराच शिल्लक राहतो. हे एका प्रौढ पक्ष्याचे झाले. डोळे उघडल्यापासून माणसाच्या हातून खाणाऱ्या पिल्लाचे याहून सहज होते.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा या बाबतीत त्या पुराणातल्या दरबारापेक्षा शहाणा आहे. त्याच्या दृष्टीने वन्य पक्षी ना मारणाऱ्याचा, ना तारणाऱ्याचा. असा प्राणी ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत नजीकच्या पोलीस ठाण्यास किंवा प्राधिकृत अधिकाऱ्यास कळवावे लागते. पकडणे आणि घरटी-अंडी नष्ट करणे, हेही शिकारीच्या व्याख्येत येते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची जुनी अनुसूचीच काढून टाकली. तोवर त्या यादीत साधा कावळाही होता.

हे कलम सर्वाधिक मोडले जाते ते पोपटाच्या बाबतीत. आपला हिरवा, गळ्यात पट्टा असलेला पोपट संरक्षित आहे. त्याला पाळणे बेकायदा आहे. तरीही ‘पिल्लू खाली पडले होते, आम्ही वाचवले’ हे वाक्य पिंजऱ्याच्या समर्थनार्थ वाराणसीपासून वाईपर्यंत कोणत्याही घरात ऐकू येईल. वाराणसीत बहेलिया टोला नावाची वस्तीच आहे. बहेलिया म्हणजे पक्षी पकडणारे. पण पारध्याला दोष देणे सोपे आहे. ढोलीतून काढलेले पिल्लू विकत घेणारा आणि सापडलेले पिल्लू ठेवून घेणारा, हे दोघेही आपण तारणारे आहोत अशाच समजुतीत असतात.

याउलट उदाहरण दिल्लीचे. शाकाहारी पक्ष्यांच्या रुग्णालयात मांसाहारी म्हणून न घेतल्या जाणाऱ्या काळ्या घारींवर दोघा भावांनी तळघरात उपचार सुरू केले. २०२२ च्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या माहितीपटामुळे त्यांचे काम जगभर पोहोचले. तिथे बरी झालेली घार छतावरच्या जाळीत ठेवतात आणि जाळी वरून उघडी असते. जिला जायचे ती जाते.

विद्यार्थ्यांकडून माझी एक अपेक्षा आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालात ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांपैकी ६० टक्के जाती घटत असल्याचे दिसले. हा अहवाल हजारो पक्षिनिरीक्षकांनी ‘ईबर्ड’वर केलेल्या नोंदींवर उभा आहे. पिल्लू दिसले तर त्याच्यासोबत स्वतःचे छायाचित्र काढण्याऐवजी तारीख, ठिकाण, जात, पिसांची अवस्था आणि आईबाप भरवायला आले की नाही, एवढे नोंदवा. ‘ईबर्ड’मध्ये विणीच्या नोंदीसाठी स्वतंत्र संकेत आहेत. घरटे संवेदनशील असेल तर नेमकी जागा जाहीर करू नका. कोणत्या शहरात कोणत्या महिन्यात कोणत्या झाडावर पिल्ले असतात, याची अशी नोंद हाती असेल, तर पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटायला निघालेल्या नगरपालिकेला आणि महामार्गाच्या ठेकेदाराला तारीख दाखवून थांबवता येते.